कै. ताराबाई मोडक : चरित्र व बोध

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत देवळाच्या बांधकामाचा इतिहास, पूर्वीच्या धर्मगुरूंच्या सेवेचा वृत्तांत व दिवंगत उपकारकर्त्यांचे स्मरण असावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच होय. तथापि या अंकात मी ज्यांचे चरित्र वाचकांस सादर करीत आहे, त्या बाई आपल्या धर्मग्रामाच्या नव्हत्या, आपल्या धर्माच्याही नव्हत्या. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांच्या आयुष्याची अखेरची सुमारे २८ वर्षे आपल्याच पालघर जिल्ह्यात, बोर्डी व कोसबाड येथे गेली. वसईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले असता विरार, पालघर, बोईसर, डहाणू ही स्थानके मागे टाकून घोलवडला उतरावे. तेथून दोन्ही गावे जवळ आहेत. एवढ्या जवळ घडलेले एवढे मोठे कार्य आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

हे चरित्र लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या देवळाच्या आवारात रोज सकाळी बालवाडी भरते. तेथे येणारी मुले सारखी नाहीत. कोणी घरी कादोडी बोलते, कोणी वाडवळी, कोणी हिंदी, तर कोणी मल्याळम्. एखाद्यास कमी ऐकू येते, एखाद्याची वाचा उशिरा फुटते, एखादे क्षणभरही एका जागी बसत नाही. या सर्वांस एकत्र घेऊन शिकविणे हे बालवाडीच्या बाईंचे काम आहे, आणि या कामासाठी त्यांची तयारी कोणी करून दिली आहे, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ताराबाईंनी आपले सारे आयुष्य या एका प्रश्नास वाहिले होते.

बालपण, शिक्षण व संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. हा समाज १८६७ साली मुंबईत स्थापन झाला होता, आणि एका ईश्वराची उपासना, स्त्रियांचे शिक्षण व जातिभेदाचा त्याग यांचा त्याने पुरस्कार केला होता. अशा घरात वाढल्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा वाद ताराबाईंच्या वाट्यास आला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया फारच थोड्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

पुढे त्यांचा विवाह श्री. मोडक या वकिलांशी झाला व त्या वऱ्हाडात अमरावतीस राहू लागल्या. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ साली ती उभयता कायद्याने विभक्त झाली. या प्रसंगाविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. एवढेच सांगितले पाहिजे की, त्या काळी नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीकडे लोक आदराने पाहत नसत. आणि ताराबाईंच्या पदरी एक लहान मुलगी होती. त्यांनी कोणाच्या आश्रयास न जाता स्वतःच्या कष्टाची भाकरी खाण्याचे ठरविले. काठियावाडात राजकोट येथे बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालय म्हणून शिक्षिका तयार करणारी संस्था होती, तिच्या त्या प्राचार्या झाल्या. मुलांस शिकविणे हे एक काम आणि मुलांस शिकविणाऱ्यांस शिकविणे हे दुसरे काम. या दुसऱ्या कामाशी त्यांचा संबंध येथे जडला, तो अखेरपर्यंत सुटला नाही.

भावनगरची नऊ वर्षे

राजकोटपासून फार दूर नाही अशा भावनगर शहरात त्या वेळी एक नवीनच प्रयोग चालला होता. तेथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती ही संस्था काढली होती. गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिलीचा धंदा सोडून तिला येऊन मिळाले, आणि १९२० साली त्यांनी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर उघडले. त्या बालमंदिरात छडी नव्हती, पाठांतर नव्हते, बक्षीस नव्हते व शिक्षाही नव्हती. मुले आपल्या आवडीचे काम उचलीत, हातांनी करीत व संपले म्हणजे वस्तू जागेवर ठेवीत. हे वर्तमान ताराबाईंच्या कानी आले. स्वतःच्या मुलीस कसे शिकवावे ही चिंता तर त्यांस होतीच. १९२३ साली त्या प्राचार्यपदाची स्थिर नोकरी सोडून भावनगरास गेल्या व गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

गिजुभाईंचा प्रयोग ज्या विचारावर उभा होता, तो इटलीतील मारिया माँटेसरी या बाईंचा. त्या कॅथलिक होत्या व पेशाने डॉक्टर होत्या. त्यांची हकीगत येथे थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण आपल्या विषयाचे मूळ तेथे आहे. १८९६ साली वैद्यकीची पदवी घेतल्यावर रोम शहरातील वेड्यांच्या इस्पितळांत त्यांचे जाणे होई. बुद्धीने मंद समजली गेलेली लहान मुले तेथे मोठ्या वेड्यांबरोबर कोंडलेली त्यांस आढळली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी रोममध्ये १९०० साली एक शाळा निघाली, तिचे संचालन त्यांनी केले. हातांना चाळवणारी, डोळ्यांना व कानांना कामाला लावणारी साधने दिली असता त्यांतील काही मुले सर्वसाधारण मुलांच्या परीक्षा उत्तीर्ण झाली. तेव्हा त्यांस असा विचार पडला की, ज्यांना जगाने टाकून दिले ती मुले जर एवढी मजल मारतात, तर इतर मुलांच्या शाळांत कोठे तरी मोठी चूक होत असली पाहिजे. त्यानंतर ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. सारांश, आज श्रीमंतांच्या मुलांसाठी म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत मुळात मागे राहिलेल्या मुलांमधून जन्मास आली आहे.

भावनगरास ताराबाई सुमारे नऊ वर्षे राहिल्या. त्यांनी गुजराती भाषा आपलीशी केली, गिजुभाईंबरोबर मुलांसाठी व पालकांसाठी पुस्तके लिहिली, आणि मुख्य म्हणजे तेथील अध्यापन मंदिरात बालशिक्षक तयार करण्याचे काम केले. १९२६ साली या मंडळींनी एक संघ स्थापन केला, तोच पुढे नूतन बाल शिक्षण संघ या नावाने प्रसिद्धीस आला. संघाची शिक्षणपत्रिका गुजरातीत निघे. तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी पुढे अनेक वर्षे चालविली. दूरदूरच्या गावी एकट्याने बालमंदिर चालविणाऱ्या शिक्षकास दर महिन्यास नवा विचार मिळावा, आपण एकटे नाही असे वाटावे, हा त्या पत्रिकेचा उपयोग होता. शिक्षकाची तयारी एकदा प्रमाणपत्र दिले म्हणजे संपली, असे त्यांनी कधी मानले नाही.

मुंबई व मनातील खंत

१९३२ च्या सुमारास ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ साली मुंबईस दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिर व अध्यापन मंदिर या दोन्ही शाखा तेथे होत्या. मराठीतून बालशिक्षणाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेण्याची सोय त्यामुळे झाली व कित्येक तरुण स्त्रिया तेथून तयार होऊन बाहेर पडल्या. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी मारिया माँटेसरी स्वतः हिंदुस्थानात आल्या. महायुद्धामुळे त्यांस येथेच अडकून पडावे लागले व मद्रासजवळ अड्यार आणि पुढे कोडाईकनाल येथे राहून त्यांनी हजारावर शिक्षक तयार केले. बालशिक्षणाची चळवळ देशात सर्वत्र बोलली जाऊ लागली.

नाव झाले, मान मिळाला. तरी ताराबाईंचे मन स्वस्थ नव्हते. दादरच्या संस्थेत येणारी मुले मध्यम स्थितीतील कुटुंबांची होती. साधने परदेशी नमुन्याची व महाग होती. ज्या देशात बहुसंख्य मुले खेड्यांत व अर्धपोटी राहतात, तेथे चार शहरी घरांतील मुलांस उत्तम शिक्षण देऊन आपले काम झाले काय, हा प्रश्न त्यांस छळू लागला. माँटेसरीबाईंनी गरीब वस्तीत सुरू केलेले काम आपण सुखवस्तू वस्तीत आणून ठेवले, हे त्यांच्यासारख्या प्रामाणिक बाईस सहन होण्यासारखे नव्हते.

बोर्डी

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी दादर सोडले व त्या बोर्डीस आल्या. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. मी स्वतः आज पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. या वयात मनुष्य स्थिर होऊ पाहतो, नवीन जागी नवीन काम आरंभण्याचा हुरूप त्यास राहत नाही, हे मी अनुभवाने जाणतो. यास्तव त्यांच्या या निश्चयाचे मला विशेष नवल वाटते.

तो काळही साधा नव्हता. बोर्डी समुद्रकाठचे, सुरूच्या झाडांचे, चिकूच्या वाड्यांचे गाव. परंतु त्याच्या पाठीशी असलेल्या डहाणू व उंबरगावच्या पट्ट्यातील वारली समाज सावकार, जमीनदार व जंगलाचे ठेकेदार यांच्या वेठीखाली पिचला होता. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर मालकाकडे राबावे, अशी लग्नगड्याची रीत होती. त्याच १९४५ साली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली लोक या वेठीविरुद्ध उठले. अशा परिसरात अडीच वर्षांच्या मुलांसाठी खेळण्यांची शाळा काढणे हे अनेकांस पोरकट वाटले असल्यास नवल नाही.

याच वर्षी बोरिवली येथील एका शिबिरात ताराबाईंची व अनुताई वाघ यांची गाठ पडली. अनुताईंचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न व सहा महिन्यांच्या आत वैधव्य, असे त्यांचे प्राक्तन होते. परंतु त्यांनी शिक्षण सोडले नाही व त्या शिक्षिका झाल्या. ताराबाईंचा शब्द मानून त्या बोर्डीस आल्या त्या कायमच्याच. गुरू व शिष्या यांची अशी जोडी क्वचितच जमते.

मुले येत नाहीत, तेव्हा शाळा जाते

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील व आसपासच्या पाड्यांवरील आईबाप पहाटेच मजुरीस जात. मुलास आंघोळ घालून, कपडे चढवून गावात पोहोचविण्यास घरी कोणी नसे. शिवाय ज्या गावात आपल्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या गावातील शाळा आपल्यासाठी आहे, यावर त्या लोकांचा विश्वास कसा बसावा?

येथे दुसऱ्या कोणी आईबापांच्या अडाणीपणास दोष देऊन पटावरील अनुपस्थितीचे आकडे वर पाठविले असते. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका साधनांची पेटी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. अंगण झाडावे, मुलांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे काढावीत आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ व हातांची कामे सुरू करावीत, असा क्रम पडला. आई दारातून पाही, शेजारीण येऊन उभी राही. अशा रीतीने अंगणवाडी जन्मास आली.

महाग साधनांचा प्रश्नही त्यांनी तेथेच सोडविला. समुद्रकाठी शंखशिंपले होते, रानात बिया, पाने व फुले होती, बांबू होता, माती होती. मोजण्यास चिंचोके, रंग ओळखण्यास फुले, स्पर्श ओळखण्यास खरखरीत व गुळगुळीत पाने, आवाज ओळखण्यास बिया भरलेल्या नळ्या; अशा वस्तूंनी शाळा भरून गेली. साधने विकत आणण्यापेक्षा ती करावयास शिकणे हा शिक्षिकेच्या तयारीचा भाग झाला, कारण जी बाई स्वतः साधन करते ती एखाद्या मुलाच्या अडचणीप्रमाणे ते बदलूही शकते.

भाषेची गोष्टही तशीच. वारली मुलाची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. शिक्षिकेने प्रथम मुलाची बोली ऐकावी, समजून घ्यावी, तिच्यात बोलावे, व मग हळूहळू त्यास प्रमाण भाषेकडे आणावे, ही त्यांची दिशा होती. वारल्यांची गाणी, नाच व गोष्टी शाळेत आल्या. ज्या मुलाच्या घरचे काहीच शाळेत दिसत नाही, ते मूल शाळेत परके राहते, हे त्यांनी जाणले होते.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. येथे भोवती वारल्यांचे पाडेच पाडे होते, आणि येथील अडचण आणखी निराळी होती. आठनऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. सातआठ वर्षांचा मुलगा येत नसे, कारण तो मालकाची गुरे राखी.

यावर त्यांनी दोन उपाय केले. पहिला विकासवाडीचा. एकाच आवारात तान्ह्या मुलांचे पाळणाघर, लहानांची बालवाडी व मोठ्यांची प्राथमिक शाळा अशी तिन्ही चालविली. मुलीने भावंडास घेऊनच यावे, त्यास पाळणाघरात द्यावे व आपण वर्गात बसावे. दुसरा उपाय कुरणशाळेचा. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जावे, आणि गुराख्यांस झाडाखाली शिकवावे. गुरेही राखली जावीत व अक्षरओळखही व्हावी. या सर्व योजनांचा आधार एकच होता. मुलाची परिस्थिती ही शिक्षणातील अडचण नसून तीच शिक्षणाच्या आखणीचा आरंभ आहे, असे त्या मानीत.

या कामात अपयश आले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. भुकेपुढे शाळा टिकत नाही. पेरणीच्या व गवतकापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. परंतु प्रत्येक वेळी शिक्षिकांनी एकत्र बसावे, कोणते मूल का आले नाही याचा विचार करावा व दुसऱ्या दिवशी नवा मार्ग धरावा, ही शिस्त त्यांनी लावली. खेड्यातील, थोडे शिकलेल्या स्त्रियांस बालसेविका म्हणून तयार करण्याचे वर्ग चालविण्यात आले. फार शिकलेली परकी बाई चार महिन्यांत निघून जाते, वस्तीतील बाई टिकते, हा अनुभव त्यामागे होता.

सरकारने १९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. अनुताईंनी त्यांच्यामागे कोसबाडचे काम नेटाने चालविले, बालवाडी चालविणाऱ्यांसाठी पुस्तके लिहिली, आणि १९८५ साली पद्मश्रीचा मान मिळाल्यावरही टेकडी सोडली नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही निवर्तल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या जिल्ह्यातील एका वस्तीच्या अंगणात जे नाव रूढ झाले, ते आज देशाच्या गावोगावी फलकावर लिहिलेले आहे.

आपणांस बोध

ताराबाईंनी अपंग मुलांसाठी निराळी शाळा काढली नाही. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो जातीने, गरिबीने व भाषेने बाहेर राहिलेल्या मुलांचा. परंतु त्यांनी जी दृष्टी दिली, तीच आज ऐकू न येणाऱ्या, न दिसणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या व उशिरा समजणाऱ्या मुलांविषयी आपणांस हवी आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांस इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क दिला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची आरोग्य तपासणी करून दोष वेळीच ओळखण्याची राष्ट्रीय योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली, ती पालघर येथूनच. दिव्यांग बालकांस अंगणवाडीत कसे सामावून घ्यावे, याची कार्यपद्धती केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. कायदा आहे, योजना आहे, कार्यपद्धती आहे. परंतु सकाळी दहा वाजता ज्या बाईसमोर पंचवीस मुले बसलेली असतात, तिला काय करावे हे कळले नाही, तर हे सर्व कागदावरच राहते.

येथे मला माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. नवदीक्षित असताना मी एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलास बालवाडीत घालण्यास आली. हाक मारली तर मुलगा वळून पाहत नसे. इतर मुलांस ढकली. शिक्षिका घाबरल्या व माझ्याकडे आल्या. मुलगा थोडा मोठा व समजूतदार झाला म्हणजे आणा, असे सांगून मी त्या आईस परत पाठविले. मला वाटले, मी सर्वांच्या हिताचेच केले. दोन वर्षांनी कळले की, त्या मुलास ऐकू येत नव्हते, एवढेच. बोलणे शिकण्याची अमोल दोन वर्षे त्याची वाया गेली होती. त्या शिक्षिकेचा दोष मी मानीत नाही. तिला कोणी शिकविलेच नव्हते. मलाही ठाऊक नव्हते, परंतु ठाऊक करून घेणे हे माझे काम होते. ताराबाईंचे चरित्र मी पुढे वाचले, तेव्हा त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

ज्या गोष्टी त्या शिक्षिकेस सांगावयास हव्या होत्या, त्या फार अवघड नाहीत. मूल हाकेस ओ देत नसेल, तर ते हट्टी आहे असे न मानता प्रथम कान तपासून घ्यावेत. कमी ऐकणाऱ्या मुलास पुढे बसवावे, बोलताना आपले तोंड त्याच्याकडे व उजेडात असावे, फळ्याकडे वळून बोलू नये. कमी दिसणाऱ्यास हातांनी चाचपता येतील अशा वस्तू द्याव्यात. जे मूल एका जागी बसत नाही, त्यास काम लहान लहान भागांत द्यावे व मध्ये उठण्यास निमित्त द्यावे. आता काय व नंतर काय, हे चित्रांनी दाखवावे. जे बोलत नाही, त्यास बोट दाखवून, चित्र उचलून सांगू द्यावे. घरची बोली बोलणाऱ्या मुलास हसू नये व इतरांस हसू देऊ नये. आपल्याच वसईत कादोडी बोलणाऱ्या किती मुलांनी शाळेच्या पहिल्या वर्षी तोंड उघडले नाही, हे घरोघरची आजी सांगू शकेल. आणि सर्वांत प्रथम, शिकविण्यापूर्वी काही दिवस मुलाकडे नुसते पाहावे व त्याच्या घरी जाऊन यावे. ताराबाईंच्या परंपरेत निरीक्षण हा शिक्षिकेचा पहिला धडा असे.

परंतु अशा सूचना एकदा वाचून अंगवळणी पडत नाहीत. वर्षातून एक दिवस पाहुणा वक्ता बोलवावा, चहाफराळ व्हावा व प्रमाणपत्रे वाटावीत, याने शिक्षिका तयार होत नाही. बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई व अनुताई शिक्षिकांबरोबर राहत, त्यांच्याबरोबर वस्तीत जात, चुकले ते पुन्हा करून दाखवीत. अशी सोबत वर्षानुवर्षे मिळाली, तेव्हा साध्या खेड्यातील स्त्रिया उत्तम बालसेविका झाल्या.

धर्मग्रामस्थ बंधुभगिनींनो, महोत्सवानिमित्त आपण देवळास रंग दिला, घंटा दुरुस्त केली, मांडव घातला. हे सर्व उचित आहे. याच निधीतून एक भाग बालवाडीच्या शिक्षिकांसाठी बाजूस काढावा, असे मी धर्मग्राम परिषदेस सुचविले आहे. दर महिन्याच्या एका शनिवारी शिक्षिकांनी एकत्र बसावे. कान, वाचा व बालविकास यांतील जाणकारास बोलवावे. आसपासच्या अंगणवाडीच्या सेविकांसही त्यात सामील करून घ्यावे, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत. आणि वर्षातून एकदा सर्वांनी कोसबाडची टेकडी पाहून यावी. तसेच येत्या जूनपासून आपल्या बालवाडीच्या दारातून कोणत्याही आईस मूल मोठे झाल्यावर आणा असे सांगून परत पाठविले जाणार नाही, असा नियम मी केला आहे. तो नियम पाळण्यास शिक्षिकांस जी मदत लागेल, ती देण्यास मी बांधलेला आहे. आपणही त्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.